उतरलेल्या कपड्यांसाठी चढायचा जिना

आलेलं पत्र :

"ताई, मी ३६ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. दोन वर्षांपासून घरातूनच वापरलेले पण चांगले कपडे विकते. इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, ओळखीच्या बायका व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी करतात. महिन्याला शंभर-सव्वाशे नग जातात. एक नग सरासरी १८० रुपयांना जातो. ज्यांचा कपडा त्यांचे पैसे देऊन, धुलाई-इस्त्री वजा जाता माझ्या हातात ८० रुपये उरतात. आता घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून गाळा घ्यायचं ठरवलंय. साठवलेले चार लाख आहेत. तीन गाळे पाहिले. पहिला नवी पेठेतल्या बोळात, १२० चौरस फूट, भाडं १८,०००, डिपॉझिट तीन लाख. दुसरा आमच्याच भागात, घरापासून चालत पाच मिनिटांवर, २५० फूट, भाडं ९,०००, डिपॉझिट एक लाख. तिसरा अशोक चौकाजवळ, पहिल्या मजल्यावर, ४०० फूट, भाडं ७,०००, डिपॉझिट पन्नास हजार. मिस्टर म्हणतात, गर्दी तिथं धंदा, डोळे झाकून नवी पेठ घे. मला घराजवळचा सोयीचा वाटतो. सासूबाई म्हणतात, लोकांचे उतरलेले कपडे विकायचेच असतील तर निदान आपल्या गल्लीत तरी नको. कुठला घेऊ?"

— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

सासूबाईंचं ऐका.

रागावू नका. त्यांनी ते टोमण्यानं म्हटलं असेल हे मला कळतं. 'उतरलेले' हा शब्द कसा म्हटला जातो, तेही माहीत आहे. पण तुमच्या पत्रात जागेबद्दलचं सगळ्यात शहाणं वाक्य त्यांचंच आहे. आपल्या गल्लीत नको. का नको, ते त्यांनी सांगितलं नाही, मी सांगते.

तुमच्याकडं कपडे कुठून येतात? जुळे सोलापूर, आसरा चौक, विजापूर रोड, होटगी रोडकडची नवी वसाहत. बँकेतल्या, शाळेतल्या, सरकारी नोकरीतल्या बायका. कपाट भरलेलं, लग्नाकार्यात एकदा नेसलेली साडी पुन्हा नेसायला नको वाटते, मूल सहा महिन्यांत फ्रॉकच्या बाहेर. या बायका तुम्हाला आनंदानं कपडे देतात. आता अशी कल्पना करा, की ज्या बाईनं तुम्हाला तिची मोरपंखी साडी दिली, ती संध्याकाळी भाजी आणायला निघाली आणि समोरच्या बिल्डिंगमधली बाई तीच साडी नेसून आली. 'अय्या, ही तर तुमची!' एवढं कुणी म्हटलं की संपलं. देणारी पुन्हा देणार नाही, घेणारी पुन्हा घेणार नाही, आणि ती गोष्ट संध्याकाळच्या आत चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरेल.

आपल्या आया-आज्या बोहारणीला साड्या का द्यायच्या, आठवतंय ना? स्टीलचं पातेलं मिळायचं हे तर खरंच. घासाघीस करून पातेल्यावर एखादी वाटीही उकळायची. पण आणखी एक सोय होती. बोहारीण लांबून यायची आणि लांब जायची. साडी तिच्या गाठोड्यात गेली की ती पुन्हा गल्लीत दिसायची नाही. तो सगळा धंदाच या अंतरावर उभा आहे. दिल्लीत रघुबीर नगरला जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे अंधारात भरतो. घरोघरी फिरून भांड्यांवर गोळा केलेला माल तिथं येतो आणि शहराच्या दुसऱ्याच टोकाला जाऊन विकला जातो. जिथून उचलला तिथं विकायचा नाही.

परदेशात अशा दुकानांचा जम बसला त्याचं एक कारण म्हणजे तिथं माल दान येतो. अमेरिकेतली गुडविल ही संस्था १९०२ साली बोस्टनमध्ये सुरू झाली, ती अशीच दान आलेल्या वस्तूंवर. तिच्या बहुतेक दुकानांत दान द्यायचं दार वेगळं असतं आणि विकत घ्यायचं वेगळं. देणारा गाडी थांबवतो, पिशवी देतो, जातो. तुमच्याही दुकानाला दोन दारं हवीत. फरक इतकाच, की तुमची दोन दारं एका इमारतीत नसावीत. कपडे येण्याचं दार तुमच्याकडं आधीच आहे आणि त्याला भाडंही नाही : तुमचं घर. माणसं तिथं यायला रुळली आहेत, तुमच्यावर विश्वास ठेवून पिशवी टेकवून जातात. ते दार तिथंच राहू द्या. गाळा शोधायचाय तो कपडे बाहेर जाण्याच्या दारासाठी. हे एकदा डोक्यात बसलं की घराजवळचा गाळा आपोआप गळतो. तुम्हाला तो सोयीचा वाटतो, कबूल. दुपारी येऊन वरणभाताचा कुकर लावता येईल. पण गिऱ्हाइकाला तो गैरसोयीचा आहे.

आता नवी पेठ. इथं मिस्टरांची समजूत काढावी लागेल, कारण ते चुकीचं काही बोलत नाहीत, फक्त दुसऱ्या कुठल्या तरी धंद्याबद्दल बोलतात. गर्दी आहेच. पण ती गर्दी कशासाठी येते ते बघा. नवी पेठ, चाटी गल्ली, टिळक चौक इथं माणूस बस्ता बांधायला येतो. हातात यादी, सोबत मामी-मावशी, पोरांची कुरकुर, आणि डोक्यात एकच : अमुक दुकान गाठायचं, नव्या कोऱ्या घडीचा माल बघायचा, भाव पाडायचा, निघायचं. अशा माणसाला वाटेत तुमचं दुकान दिसलं तरी तो आत येत नाही. आला तर मागून मामी म्हणते, "अगं, हे जुनं आहे, चल." आणि ती हे जोरात म्हणते.

शिवाय आपण सोलापुरात राहतो, हे विसरून चालणार नाही. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली, तेव्हापासून या गावाचं पोट सुतावर चाललंय. चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, इथले गणवेश देशभर जातात. म्हणजे नवं कापड स्वस्तात मिळण्याची जागा कुठली विचाराल तर हीच. ज्या बोळात नवा शर्ट तीनशे-साडेतीनशेला टांगलेला आहे, तिथं तुम्ही वापरलेला शर्ट १८० ला टांगणार. गिऱ्हाईक मनातल्या मनात वजाबाकी करतं आणि नव्याकडं वळतं. तोच शर्ट, शेजारी नव्याचं दुकान नसेल तिथं, १८० ला स्वस्त वाटतो.

आणखी एक अडचण आहे, ती जागेच्या आकाराची. नव्या कपड्याच्या दुकानात एक नग बाहेर टांगतात, त्याचे पाच साइज घडी घालून खणात जातात. तुमच्याकडं प्रत्येक नग एकटा. घडी घालून ठेवला की तो मेला, कुणाला दिसणारच नाही. सगळं टांगलेलं हवं. एक फूट दांडीवर दाटीवाटीनं बारा-पंधरा हँगर बसतात, पण चाळून बघायचं असेल तर आठ-दहाच ठेवावे लागतात. १२० फुटांतून काउंटर काढा, ट्रायल रूम काढा (ती हवीच, जुन्या कपड्याचा साइज लेबलवर विश्वास ठेवून कुणी घेत नाही), उभं राहायची जागा काढा. उरतं काय? दोन माणसं आत असताना तिसरी दारात ताटकळणार. तुमचं गिऱ्हाईक चाळतं, मागं ठेवतं, पुन्हा उचलतं. त्याला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास त्याला कुणी ढकलता कामा नये.

आता आकडे मांडू, म्हणजे मिस्टरांसमोर ठेवायला बरं. भाड्याशिवाय महिन्याचा खर्च धरू : वीज दीड हजार, अर्धवेळ मदतनीस मुलगी सात हजार, पेट्रोल-पिशव्या-फोन दोन हजार. म्हणजे साडेदहा हजार. नवी पेठेत १८,००० भाडं मिळवलं की साडेअठ्ठावीस हजार. नगामागं ८० सुटत असतील तर महिन्याला ३५७ नग विकल्यावर तुमचं खातं शून्यावर येतं. २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज चौदा नग. त्यानंतरचा पंधरावा नग तुमच्या घरात भाजी आणेल. अशोक चौकात हाच हिशेब १७,५०० वर थांबतो, म्हणजे २१९ नग, रोज साडेआठच्या आसपास. आज तुम्ही जास्तीत जास्त सव्वाशे विकता. दुप्पट करणं अवघड पण पल्ल्यातलं आहे. तिप्पट पहिल्याच वर्षी करायची, तेही चार लाखांतले तीन डिपॉझिटमध्ये अडकवून? उरलेल्या एका लाखात दांड्या, आरसे, लाइट, बोर्ड आणि पहिले चार महिने. नाही जमत, ताई.

म्हणजे उरला अशोक चौक. आणि तिथं माझीच एक जुनी जखम आहे, ती आधी सांगते, म्हणजे माझा सल्ला किती पूर्वग्रहाचा आहे ते तुम्हाला ठरवता येईल.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी फॉल, अस्तर, गुंड्या, लेस, मॅचिंग ब्लाउजपीस असं दुकान काढलं होतं. पहिल्या मजल्यावर. भाडं कमी, जागा ऐसपैस, उजेड भरपूर. अठरा पायऱ्या होत्या. पहिल्या महिन्यात बायका हौसेनं वर आल्या. दुसऱ्या महिन्यात खालूनच हाक मारायला लागल्या, "ओ ताई, जांभळं अस्तर हाय का?" मी गॅलरीतून "हाय की" म्हणायचे आणि मीटरभर कापड घेऊन खाली धावायचे. गुडघे त्यांचे दुखायचे आणि झिजले माझे. अकरा महिन्यांत शटर ओढलं. तेव्हापासून पहिला मजला म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तरी तुम्हाला मी वर जायला सांगते आहे.

कारण माझं गिऱ्हाईक दहा रुपयांच्या वस्तूसाठी दोन मिनिटं यायचं. घाईत, ठरवून, हातात कापडाचा तुकडा घेऊन. तुमचं गिऱ्हाईक निवांत येणार, आणि थोडं चोरून येणार. हो, चोरून. आज कॉलेजची मुलं 'थ्रिफ्ट केलं', म्हणजे वापरलेलं विकत घेतलं, असं मिरवत सांगतात, ते पुण्या-मुंबईत आणि मोबाइलवर. सोलापुरात अजून आईला कळू नये अशी काळजी असते. तळमजल्यावर काचेच्या दारातून आत कोण उभं आहे ते रस्त्यावरून दिसतं. जिना चढून वर गेलेला माणूस क्लासला गेला, झेरॉक्सला गेला, की तुमच्याकडं आला, कुणाला कळतं? ज्या जिन्यानं मला बुडवलं, तोच तुमचा आडोसा आहे.

आणि अशोक चौकात गिऱ्हाईक कोण आहे? तिथं वालचंदचा परिसर आहे, इंजिनिअरिंग आहे, कला-विज्ञानाचं कॉलेज आहे. बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहतात. त्यांना जीन्स, जॅकेट, चेक्सचे शर्ट, गॅदरिंगला एका दिवसापुरती साडी किंवा शेरवानी लागते. वर्कशॉपचे आणि प्रयोगशाळेचे अ‍ॅप्रन दरवर्षी पास होणारी मुलं टाकून जातात आणि दरवर्षी नवी मुलं विकत घेतात. ही साखळी कुणीतरी जोडायची बाकी आहे. एक अ‍ॅप्रन घ्यायला आलेला मुलगा शर्ट चाळल्याशिवाय जात नाही.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. पूर्व भाग, साखर पेठ, कन्ना चौक, दत्त नगर हा यंत्रमागाचा आणि विडीचा पट्टा, तिथले कष्टकरी जुने कपडे घेतील, असा कुणी सल्ला दिला तर मान हलवू नका. विड्या वळणारी बाई आठवड्याच्या पैशांतून बाजूला काढून दिवाळीला नवी साडी घेते, आणि ती नवीच हवी असते. आयुष्यभर मालकिणीच्या उतरलेल्या साड्या नेसलेल्या माणसाला जुन्याचं कौतुक नसतं. जुन्याची हौस त्यालाच येते, ज्याच्या कपाटात नवं आहे. शिवाय या भागातल्या माणसाला कापड कळतं. पद्मशाली विणकर घरातली आजी तुमच्या साडीच्या पदराला दोन बोटं लावील आणि सुतात किती पॉलिस्टर आहे ते सांगेल. तिला फसवायला जाऊ नका. उलट तिला एकदा वर बोलवा, चहा द्या. पोत बघून भाव कसा लावायचा ते ती अर्ध्या तासात शिकवील.

तर जिना. गाळा पाहायला पुन्हा जा, पण मालकाला न सांगता. संध्याकाळी साडेचार ते साडेसात, एक कामाचा दिवस आणि एक रविवार, समोरच्या चहाच्या टपरीवर बसा. रस्त्यानं किती माणसं गेली ते मोजत बसू नका, त्याचा उपयोग नाही. १८ ते २५ वयाची किती पोरं थांबली, कशासाठी थांबली, ते बघा. नुसती गाडीवरून सुसाट जाणारी गर्दी म्हणजे धूर. थांबणारी पाहिजे. मग त्याच इमारतीत वर कोण कोण आहे ते बघा. क्लास असेल तर उत्तम, मुलींची ये-जा असते आणि जिन्यात रात्री दिवा असतो. वर एखादा जुगाराचा क्लब किंवा दिवसभर बंद शटरं असतील तर गाळा फुकट मिळाला तरी घेऊ नका. एकटी मुलगी ज्या जिन्यात शिरायला बिचकेल, तिथं तुमचं दुकान चालणार नाही.

जिना रस्त्याच्या तोंडाशी हवा, मागच्या बोळातून वळसा घालून नको. पायऱ्या किती ते मोजा. माझ्या अठरा होत्या आणि मध्ये टप्पा नव्हता. खाली, पहिल्या पायरीशी बोर्ड लावायची परवानगी करारात लिहून घ्या. तोंडी 'लावा की, कोण नको म्हणतंय' यावर जाऊ नका, कारण तळमजल्याचा दुकानदार नंतर नको म्हणतो. बोर्डावर मराठी देवनागरीत, ठळक हवं, तो आता छोट्या दुकानांनाही नियम आहे. खाली तेलुगू-कन्नडमध्ये एक ओळ टाकलीत तर त्या भागात आपुलकी वाटेल. आणि बोर्डावर 'जुने कपडे' लिहू नका. 'पुन्हा' एवढंच नाव ठेवा किंवा तुम्हाला सुचेल ते, पण आत येण्याआधी माणसाची मान खाली जाईल असं काही नको.

खिडक्या कुठल्या दिशेला आहेत? पश्चिमेला असतील तर दुपारी दोननंतरचं ऊन थेट दांडीवर येईल. सोलापूरचं ऊन महिनाभरात निळ्या साडीची घडी पांढरी करतं, आणि जुन्या कपड्याला रंग उडाल्याचा डाग माफ नसतो, कारण गिऱ्हाईक तो शोधतच असतं. जाड पडदे लावता येतील, पण मग वीजबिल वाढेल. गाळ्यावर गच्चीच असेल, म्हणजे वरचा मजला नसेल, तर एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांत स्लॅब रात्री नऊपर्यंत भाजत राहतो. ट्रायल रूममध्ये कुणी दोन मिनिटं टिकणार नाही. मालकाकडून गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मागा, किंवा भाड्यात तेवढी सूट. उन्हाळ्यात दुकान दुपारी एक ते चार बंदच ठेवा. कुणी येत नाही, आलं तर पंख्याखाली बसायला येतं.

पाण्याचा प्रश्न बायका पहिल्यांदा विचारतात, म्हणून सांगते : गाळ्यात पाणी किती येतं याला फार महत्त्व देऊ नका. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात महिन्याला दोनशे-अडीचशे कपडे घरी धुणं म्हणजे टँकर मागवणं. परीट किंवा लाँड्रीवाल्याशी नगावर दर ठरवा, घरूनच माल तिकडं जाऊ द्या, आणि गाळ्यात फक्त धुतलेला, इस्त्री केलेला, वास न येणारा कपडा चढू द्या. गाठोडी घेऊन पायऱ्या चढायला लागू नयेत, हाही त्यात फायदा. स्वच्छतागृह मात्र बघा. तुम्ही दिवसभर तिथं असणार आहात.

एक गोष्ट मी दटावून सांगणार आहे. चारशे फूट कपड्यांनी भरलेली खोली आणि उतरायला एकच जिना. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. कापड पेटलं की धुराला वेळ लागत नाही. गाळ्याचं वायरिंग जुनं असेल तर मालकाकडून बदलून घ्या, मगच पैसे द्या. जिन्यात कुणाचे खोके, कुणाची जुनी सायकल, असं काही असेल तर करार करायच्या आधी ते हललेलं बघा. दारापाशी अग्निशामक नळकांडं ठेवा, आणि खिडकीला पक्की जाळी असेल तर तिला आतून उघडणारी कडी बसवा. इस्त्री गाळ्यात करू नका.

कागदांचं थोडक्यात. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच असला पाहिजे, महाराष्ट्रात तो कायदा आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केला की झालं' हे कुणी म्हटलं तर ऐकू नका. खर्चही फार नाही. तीन वर्षं भाडं ७,००० च धरलं तर एकूण २,५२,०००, त्यात पन्नास हजार डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांनी १५,००० मिळवायचे, आणि त्या २,६७,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क. सातशे रुपयांच्या आत. वर नोंदणी फी एक हजार. करार तीन वर्षांचा करा, पण तुम्हाला सहा महिन्यांनंतर महिन्याभराच्या सूचनेवर सोडता यावं असं कलम घाला. मालकाला ते आवडणार नाही. तरी मागा. तुमच्यासारखी एखाद-दुसरंच माणूस कामाला असेल तर दुकान कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटीचं ओझं वर्षाची विक्री चाळीस लाखांपर्यंत तरी तुमच्यावर नाही, आणि तिथं पोचलात तर वापरलेल्या मालाला फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे, तेव्हा चार्टर्ड अकाउंटंटला त्याबद्दल विचारा. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन त्या रस्त्याचं रुंदीकरण विकास आराखड्यात आहे का, एवढं मात्र स्वतः बघून या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

अशोक चौकातला गाळा या परीक्षेत नापास झाला तर? मग सात रस्त्याकडं बघा, संगमेश्वर कॉलेजच्या आसपास. तिथं भाडं जास्त सांगतील आणि तुमच्या ओळखीच्या बायकाही त्या रस्त्यानं जास्त येतील, म्हणून माझी दुसरी पसंती. पण विद्यार्थी तिथंही आहेत. केगावला विद्यापीठाच्या दारात मात्र जाऊ नका. मुलं असतात हे खरं, पण बस आली की निघून जातात.

मिस्टरांना वाचवलेल्या डिपॉझिटचं काय करायचं ते सांगायला हवं, नाहीतर ते पुन्हा नवी पेठेवर येतील. पन्नास हजार मालकाला, साठ-सत्तर हजार दांड्या-आरसे-पडदे-लाइटला. आरशात काटकसर नको, दोन पूर्ण उंचीचे घ्या. सहा महिन्यांचं भाडं बाजूला, बँकेत, त्याला हात लावायचा नाही. उरलेलं मालाला. आणि मोबाइलवर 'विदेशी कपड्यांचा गठ्ठा, किलोवर' अशा जाहिराती येतात, त्यात ते पैसे घालू नका. वापरलेले कपडे आयात करायला आपल्याकडं परवाना लागतो, त्या गठ्ठ्यांचा कागद नीट नसतो, आणि गठ्ठा उघडल्याशिवाय आत काय आहे ते दाखवत नाहीत. जुळे सोलापुरातली कपाटं अजून संपलेली नाहीत.

त्यावरून आठवलं. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला घराघरांतली लहान पोरं पांढरी बाराबंदी घालतात. वर्षातून तीन-चार दिवस. पुढच्या जानेवारीला ती आखूड होते, पुन्हा नवी शिवतात, आधीची कपाटात तशीच कोरी पडून राहते. गाळ्याची किल्ली हातात येईपर्यंत तुम्ही घरून एवढंच काम करा : ओळखीतल्या प्रत्येक आईला विचारून, वयाप्रमाणे गाठोडी बांधून, बाराबंद्या गोळा करा. ही एक वस्तू अशी आहे की ती कुणाची होती हे कळलं तरी कुणाला लाज वाटत नाही. दुकानाचा बोर्ड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला पाहिजे, म्हणजे पहिली बोहनी त्याचीच होईल. सासूबाईंना त्या गाठोड्यांचं काम द्या. कुणाच्या नातवाची कुठली, ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.